आगगाडीचा नाद लागलेला पाद्री

मराठीतला ‘नाद’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. घंटेचा नाद असतो, पखवाजाचा नाद असतो. आणि कुणाला पतंगांचा नाद असतो, कुणाला कबुतरांचा, कुणाला बैलांच्या शर्यतींचा. कानाला ऐकू येतो तोही नाद आणि माणसाला वेड लावतो तोही नादच. घरातली वडीलधारी मंडळी ‘पोराला कसला हा नाद लागलाय’ असं म्हणतात, तेव्हा त्यांच्या बोलण्यात कौतुक कमी आणि काळजी जास्त असते. नादी माणूस संसाराच्या कामाचा राहत नाही, अशी आपली एक समजूत आहे.

आज ज्यांची आठवण सांगायची आहे त्या रेव्हरंड विल्बर्ट ऑड्री यांना आगगाडीचा नाद होता, आणि तो दोन्ही अर्थांनी होता. मुलांच्या खोलीत टीव्हीवर किंवा खेळण्यांच्या दुकानात गोल चेहऱ्याचं निळं थॉमस इंजिन तुम्ही पाहिलं असेल. त्या इंजिनाचे जनक हेच. पण थॉमसचे जनक म्हणून त्यांना सगळं जग ओळखतं. त्यांची दुसरी ओळख फारशी कुणाला नाही. वेल्समधली एक मोडकळीला आलेली छोटी रेल्वे वाचवायला जे लोक पदरची सुट्टी आणि पदरचा घाम घेऊन गेले, त्यांच्यातले ते एक होते. नाव झालेला हा लेखक तिथे शिट्टी आणि हिरवं निशाण घेऊन गार्डाच्या डब्यात उभा राहिला. मला त्यांची ही दुसरी ओळख जास्त मोलाची वाटते.

ऑड्री यांचा जन्म १५ जून १९११ रोजी इंग्लंडच्या हॅम्पशायर परगण्यातल्या अँपफील्ड या गावी झाला. वडील व्हीअर ऑड्री तिथल्या चर्चचे धर्मगुरू. त्यांनाही रेल्वेचं वेड. लहानग्या विल्बर्टला बोटाला धरून ते लोहमार्गाकडे फिरायला न्यायचे. रुळांची देखभाल करणाऱ्या कामगारांशी त्यांची चांगली घसट होती. पुढे हे कुटुंब विल्टशायरमधल्या बॉक्स या गावी राहायला गेलं. लंडनहून ब्रिस्टलकडे जाणारा ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा मुख्य मार्ग घरापासून हाकेच्या अंतरावर होता. बॉक्सपासून लंडनच्या बाजूला मोठा चढ आहे आणि पुढे प्रसिद्ध बॉक्स बोगदा. जड मालगाडी त्या चढाला आली की मागून ढकलायला दुसरं इंजिन लावावं लागे. आपल्याकडे कसारा किंवा कर्जतला थांबून बँकर लावतात, तसंच.

रात्री अंथरुणात पडल्यापडल्या हा मुलगा ते ऐकत असे. पुढचं इंजिन धापा टाकतंय, मागचं त्याला जोर देतंय. ऐकता ऐकता त्या धापांमधून त्याला शब्द ऐकू येऊ लागले. पुढचं म्हणतंय, मला नाही जमत; मागचं म्हणतंय, जमेल, जमेल. गाडी बोगद्यात शिरली की दोघांचा सूर बदलायचा. वाफेच्या इंजिनाला स्वभाव असतो, ही खात्री त्या वयातच त्याच्या मनात पक्की झाली. आपल्याकडेही वाफेच्या इंजिनांचा काळ पाहिलेल्या माणसाला हे पटवून द्यावं लागणार नाही.

मोठेपणी ऑड्री ऑक्सफर्डला शिकले, तीन वर्षं जेरुसलेमच्या एका शाळेत शिक्षक होते आणि १९३६ मध्ये त्यांनी धर्मगुरूची दीक्षा घेतली. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ते उघडपणे युद्धविरोधी होते. ख्रिस्ताचा उपदेश देणाऱ्यानं युद्धाची भलामण करू नये, अशी त्यांची श्रद्धा. त्या दिवसांत इंग्लंडमध्ये असं बोलणं सोपं नव्हतं. त्यांच्या वरिष्ठांना ते रुचलं नाही आणि त्यांना आपली जागा सोडावी लागली. शेवटी स्वतः युद्धविरोधी असलेले बर्मिंगहॅमचे बिशप बार्न्स यांनी त्यांना आधार दिला आणि १९४० मध्ये ते बर्मिंगहॅमच्या किंग्ज नॉर्टन भागातल्या चर्चमध्ये रुजू झाले.

तिथेच युद्धाच्या धामधुमीत त्यांचा लहान मुलगा ख्रिस्तोफर गोवरानं आजारी पडला. अंधाऱ्या खोलीत पडून राहिलेल्या पोराचं मन रमवायला बापानं गोष्ट सांगायला सुरुवात केली. शेडमध्ये एक जुनं, लहानसं इंजिन होतं. मोठी इंजिनं त्याला हिणवत. बरेच दिवसांत त्याला कुणी बाहेर काढलं नव्हतं. मग एका भल्या ड्रायव्हरला त्याची दया आली. मुलाला गोष्ट आवडली. तो तीच ती पुन्हा सांगायला लावायचा आणि एखादा तपशील बदलला की बापाला पकडायचा. म्हणून बापानं ती कागदावर उतरवली. ती छापायला पाठवायचा आग्रह धरला पत्नी मार्गारेट यांनी. १९४५ मध्ये पहिलं पुस्तक आलं, १९४६ मध्ये थॉमसचं. १९७२ पर्यंत ऑड्री यांनी अशी २६ छोटी पुस्तकं लिहिली.

या पुस्तकांची एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. इंजिनं बोलतात, रुसतात, फुशारक्या मारतात. पण त्यांच्यावर गुदरणारा प्रत्येक प्रसंग कुठल्या ना कुठल्या खऱ्या रेल्वेवर घडलेला असला पाहिजे, हा लेखकाचा दंडक होता. चित्रकारांशीही त्यांचे त्यावरून खटके उडाले. पर्सी नावाच्या इंजिनाचं चित्र पाहून, हे तर लाल पट्ट्यांचं हिरवं सुरवंट दिसतंय, अशी त्यांनी तक्रार केली. पुढे टीव्हीवरच्या मालिकेतल्या एका गोष्टीत इंजिन वाटेत जंगल पाहायला थांबतं, तेव्हा म्हातारे ऑड्री रागावले. मार्गावर गाडी अशी मनाला येईल तिथे थांबवता येत नाही. रेल्वेच्या नियमपुस्तकात ते बसत नाही, हा त्यांचा आक्षेप. कल्पनेच्या राज्यातही त्यांनी नियमपुस्तक सोडलं नाही. हा माणूस पुढे खऱ्या रेल्वेवर काम करायला गेला, यात नवल नाही.

आता त्या रेल्वेकडे वळू. वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर टाविन नावाचं गाव आहे. तिथून डोंगरात शिरणाऱ्या खोऱ्यातून टॅलिलिन रेल्वे जाते. लांबी सव्वासात मैल, म्हणजे साधारण पावणेबारा किलोमीटर. दोन रुळांमधलं अंतर अवघं सव्वादोन फूट. ब्रिन एग्लूइस इथल्या खाणीतली पाटीच्या दगडाची लादी, जी तिकडे घरांच्या छपरांना वापरतात, ती खाली आणायला १८६५-६६ मध्ये हा मार्ग बांधला गेला. दोन इंजिनं आली, टॅलिलिन आणि डॉलगॉख.

बांधताना एक मोठी गफलत झाली होती. १८६६ मध्ये सरकारी निरीक्षक तपासणीला आले, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की मार्गावरच्या पुलांखालून गाडी जाताना डबा आणि पुलाची भिंत यांच्यात धड दोन फुटांचीही जागा उरत नाही. गाडी तिथे अडली तर उतारूंना दार उघडून बाहेर पडता यायचं नाही. पूल पाडायला पैसे नव्हते. मग तोडगा निघाला. डब्यांची एका बाजूची दारं कायमची बंद करायची आणि पुलांखाली रूळ थोडे दुसऱ्या बाजूला सरकवायचे, म्हणजे त्या बाजूला तरी पुरेशी जागा मिळेल. तो ‘तात्पुरता’ उपाय आजवर तसाच चालू आहे. गरिबाच्या घरात टेकू लावलेली तुळई पिढ्यानपिढ्या टिकते, त्यातलाच हा प्रकार.

१९११ मध्ये ही खाण आणि रेल्वे सर हेडन जोन्स यांनी विकत घेतली. ते त्या भागाचे लिबरल पक्षाचे खासदारही होते. खाणीत फारसा पैसा उरला नव्हता. डिसेंबर १९४६ मध्ये खाणीत पडझड झाली आणि ती बंद झाली. रेल्वेला माल उरला नाही. पण मी जिवंत आहे तोवर गाडी चालेल, असं सर हेडन यांनी लोकांना सांगितलं होतं, आणि ते त्यांनी पाळलं. १९४८ मध्ये ब्रिटनमधल्या बहुतेक सगळ्या रेल्वे सरकारजमा झाल्या. ही इतकी नगण्य की सरकारच्या यादीतही आली नाही. आठवड्यातून मोजके दिवस, एका म्हाताऱ्या इंजिनाच्या जोरावर, गाडी डुगडुगत चालली होती. स्लीपर कुजले होते. रूळ जागेवर राहिले होते ते बऱ्याच ठिकाणी गवताच्या मुळांनी धरून ठेवले म्हणून. जुलै १९५० मध्ये सर हेडन गेले. आता रूळ उखडून भंगारात जाणार हे उघड होतं.

इथे टॉम रोल्ट नावाचे अभियंता-लेखक पुढे आले. जुन्या कालव्यांच्या रक्षणासाठी त्यांनी आधी काम केलं होतं. या रेल्वेबद्दल त्यांनी १९४९ मध्ये ‘बर्मिंगहॅम पोस्ट’ या दैनिकात पत्र लिहिलं होतं. ११ ऑक्टोबर १९५० रोजी बर्मिंगहॅमच्या इंपीरियल हॉटेलात त्यांनी सभा बोलावली. सत्तरेक माणसं जमली. त्यातून संस्था स्थापन झाली. सर हेडन यांच्या पत्नीनं रेल्वे त्यांच्या हाती सोपवली. १४ मे १९५१ रोजी नव्या व्यवस्थापनाखालची पहिली गाडी टाविनहून निघाली. सुरुवातीला जेमतेम पहिल्या काही मैलांपर्यंत, आणि जूनमध्ये पुढे अबरगिनॉल्विनपर्यंत. स्वयंसेवकांनी चालवायला घेतलेली ही जगातली पहिली रेल्वे.

पहिलं वर्ष कसं गेलं असेल, कल्पना करा. टॅलिलिन इंजिन आधीच निकामी होऊन पडलेलं. जवळच कॉरिस नावाची त्याच मापाची एक रेल्वे १९४८ मध्ये बंद पडली होती, तिची दोन इंजिनं प्रत्येकी २५ पौंडांना मिळाली. त्यातलं एक सुरू केलं तर ते रुळांवरून घसरू लागलं. त्याच्या चाकांची कड अरुंद आणि इथले रूळ झिजून, फाकून दूर गेलेले. दुसऱ्याला मोठी दुरुस्ती हवी होती; ती पुढे हन्स्लेट या इंजिन बनवणाऱ्या कंपनीनं फुकट करून दिली. तोवर १९५१ चा सगळा हंगाम ८५ वर्षांच्या डॉलगॉखनं एकट्यानं ओढला. त्या वर्षी १५ हजारांहून जास्त उतारूंनी प्रवास केला. रोल्ट दोन हंगाम व्यवस्थापक होते. तो सगळा अनुभव त्यांनी १९५३ मध्ये पुस्तकात लिहिला.

ऑड्री तोवर केंब्रिजजवळच्या एल्सवर्थ या खेड्यात धर्मगुरू होते. या रेल्वेबद्दल कळल्यावर ते संस्थेचे सभासद झाले आणि १९५२ मध्ये बायकामुलांसह सुट्टी घेऊन टाविनला पोचले. समुद्रकिनाऱ्यावर पाय पसरून बसायला नाही, काम करायला. त्यांना गार्डाचं काम मिळालं.

बाहेरून पाहणाऱ्याला गार्डाचं काम सोपं वाटतं. शिट्टी वाजवायची, निशाण दाखवायचं. पण गाडी सुटायची तर सगळे उतारू चढले का, दारं लागली का, हे पाहण्याची जबाबदारी त्याची. एक दिवस ऑड्री यांनी शिट्टी फुंकली, निशाण हलवलं, गाडी हलली. आणि चहा-फराळ विकणाऱ्या बाई फलाटावरच राहिल्या. बिचारी बाई गाडीमागे धावतेय आणि गार्डसाहेब डब्यात! दुसरा कुणी असता तर ही फजिती झाकून ठेवली असती. ऑड्री यांनी तिची गोष्ट केली. १९५५ मध्ये आलेल्या ‘फोर लिटल इंजिन्स’ या पुस्तकात पीटर सॅम नावाचं घाईखोर इंजिन फराळवाल्या बाईंना मागे सोडून निघतं. तो प्रसंग इथला.

त्या पुस्तकातून टॅलिलिन रेल्वेच बालवाङ्मयात उतरली. नावं तेवढी बदलली. टॅलिलिन झालं स्कारलोई, डॉलगॉख झालं रेनिअस, आणि सर हेडन यांच्या नावाचं इंजिन झालं सर हँडल. एकट्यानं हंगाम ओढणाऱ्या डॉलगॉखची कहाणी १९६२ च्या ‘गॅलंट ओल्ड इंजिन’ मध्ये आली. आजारी मुलाला सांगितलेल्या पहिल्या गोष्टीत शेडमध्ये पडलेलं जुनं इंजिन होतं. दहा वर्षांनी लेखकाला ते वेल्समध्ये खरोखरच भेटलं, आणि त्याला बाहेर काढणारे भले ड्रायव्हरही भेटले. ही पुस्तकं वाचून मोठी झालेली कितीतरी मुलं पुढे आईबापांना घेऊन ती खरी इंजिनं पाहायला टाविनला आली.

कुणी विचारेल, आणि हा प्रश्न अगदी रास्त आहे, की ज्या रेल्वेची खाण बंद पडली, जिची कुणाला निकड उरली नाही, तिच्यासाठी एवढा आटापिटा कशाला? युद्धानंतरच्या इंग्लंडमध्ये तर साखर आणि मटणदेखील रेशनवर मिळत होतं. माणसांची घरं पडलेली असताना गवतात रुतलेले रूळ काय वाचवायचे?

मला याचं उत्तर त्या माणसांच्या कामाकडे पाहून मिळतं. त्यांनी काही आठवणींचा मेळावा भरवला नव्हता. रेल्वे चालवायची म्हणजे सरकारी तपासणी आली, बॉयलरची परीक्षा आली, वेळापत्रक आलं. स्वयंसेवक पगार घेत नाही, पण नियमाला तो पगारदाराइतकाच बांधलेला असतो. चुकीचं निशाण दाखवणारा गार्ड हौशी आहे म्हणून अपघात टळत नाही. शनिवारी रात्री कारखान्यातून सुटून आलेल्या माणसानं रविवारी सकाळी स्लीपर बदलायचा, तर तो नीटच बदलावा लागतो. हौस आणि शिस्त यांची ही जोडी फार दुर्मीळ आहे. आपल्याकडे हौसेला तोटा नाही. शिस्तीच्या जागी मात्र आपण पुष्कळदा हारतुरे आणि बॅनर आणून ठेवतो.

‘श्रमदान’ हा शब्द आपल्याला गाडगेबाबांच्या खराट्यानं समजावून दिला. बाबा गावात आले की आधी गाव झाडायचे आणि मग कीर्तनाला उभे राहायचे. दर्ग्याच्या उरुसात पाणी भरणारे, वारीच्या वाटेवर वारकऱ्यांचे पाय चेपणारे, यांच्यासाठी आमच्याकडे ‘खिदमत’ हा शब्द आहे. शब्द वेगळे असले तरी रीत एकच. जे काम सगळ्यात खालचं, ते आधी आपण उचलायचं. ऑड्री हे धर्मगुरू होते, लेखक म्हणून नावाजलेले होते. त्यांना पाहुणे म्हणून बोलावून फीत कापायला लावता आली असती. त्यांनी शिट्टी मागून घेतली.

टॅलिलिनचं पाहून इतर जागे झाले. शेजारच्या फेस्टिनिओग रेल्वेवर १९५५ मध्ये पुन्हा गाडी धावली, १९६० मध्ये दक्षिण इंग्लंडमधली ब्लूबेल रेल्वे सुरू झाली. १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर ब्रिटनमधले हजारो मैलांचे मार्ग बंद झाले, तेव्हा त्यातले काही तगले ते या हौशी मंडळींमुळे. आज तिकडे अशा शंभरावर रेल्वे आहेत.

या कहाणीचा एक धागा आपल्या नेरळपर्यंत येतो. माथेरानची छोटी गाडी १९०४ ते १९०७ या काळात सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशानं आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या जिद्दीनं उभी राहिली. सोळा लाख रुपये त्या कुटुंबानं घातले. त्या मार्गावर घाट चढण्यासाठी जर्मनीहून चार इंजिनं आणली होती. वाफेचा जमाना संपल्यावर त्यांतलं एक इंग्लंडला गेलं आणि तिथल्या लेटन बझर्डच्या छोट्या रेल्वेवरच्या स्वयंसेवकांकडे पोचलं. आपल्या घाटातल्या इंजिनाची तेलपाण्यानं देखभाल परक्या मुलखातल्या हौशी माणसांनी केली, याचा आनंद मानायचा की खंत, ते ज्यानं त्यानं ठरवावं. २००५ च्या जुलैतल्या पावसानं माथेरानचा मार्ग वाहून गेला आणि २००७ मध्ये तो पुन्हा सुरू झाला, तेव्हा लोकांना झालेला आनंद पाहिला की वाटतं, नाद आपल्याकडेही आहे. त्याला हात मिळायला हवेत.

ऑड्री १९६५ मध्ये चर्चच्या नोकरीतून निवृत्त होऊन स्ट्राउड इथे राहायला गेले. रेल्वे सुटली नाही. स्वतः बांधलेली छोटी नमुना-रेल्वे घेऊन ते प्रदर्शनांना जायचे. डीन फॉरेस्ट या दुसऱ्या एका स्वयंसेवी रेल्वेच्या संस्थेचे ते अध्यक्ष झाले. तिथल्या एका इंजिनाला त्यांचं ‘विल्बर्ट’ हे नाव दिलं गेलं. १९९६ मध्ये ब्रिटिश सरकारनं त्यांना ओबीई हा किताब दिला. २१ मार्च १९९७ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, ते गेले. त्यांचा मुलगा ख्रिस्तोफरनं, ज्याच्या गोवरापासून हे सगळं सुरू झालं त्यानं, इंजिनांच्या गोष्टी पुढे लिहिल्या.

टॅलिलिन रेल्वे चालू आहे. १९७६ मध्ये स्वयंसेवकांनी ती अबरगिनॉल्विनच्या पुढे नॅन्ट ग्वेर्नोलपर्यंत उतारूंसाठी वाढवली. जुलै २०२१ मध्ये वायव्य वेल्समधल्या पाटीच्या दगडाच्या खाणींचा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आला, त्यात ब्रिन एग्लूइसची खाण, अबरगिनॉल्विन गाव आणि ही रेल्वे यांचा समावेश आहे. जिला १९४८ मध्ये सरकारनं यादीत घेण्याइतकीही किंमत दिली नव्हती, ती आता साऱ्या जगाच्या यादीत बसली.

टाविनच्या स्थानकाला लागून छोट्या रेल्वेंचं एक संग्रहालय आहे. तिथे ऑड्री यांची अभ्यासिका जशीच्या तशी मांडून ठेवली आहे. तिथून बाहेर पडलं की फलाट आहे. गाडीला जोडलेलं इंजिन बहुधा डॉलगॉख असेल किंवा टॅलिलिन. डब्यांची एका बाजूची दारं अजूनही बंदच असतात. आणि शिट्टी घेऊन गार्ड म्हणून उभा असलेला माणूस एरवी पोटासाठी दुसरंच काही काम करत असतो.